मुंबईच्या गिरणी कामगारांची निद्रा : कामाचे तास, चाळ आणि रात्रपाळी (१८५४–१९८२)

निद्रा हा विषय इतिहासकाराच्या कक्षेत अलीकडेच आला. आहार, वस्त्र, निवारा आणि वेतन यांचा इतिहास लिहिला गेला. परंतु मनुष्य आपल्या आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा ज्या अवस्थेत घालवितो, तिची गणना दीर्घकाळ केवळ शरीरधर्मात होत आली. शरीरधर्म सर्व काळी व सर्व ठिकाणी सारखाच, म्हणून त्याला इतिहास नाही, अशी ही समजूत होती. ती टिकणारी नाही हे आता मान्य झाले आहे. ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये घड्याळी काळ व औद्योगिक शिस्त यांचा संबंध उलगडून दाखविला. रॉजर एकिर्च यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उद्योगपूर्व युरोपातील रात्रीचा इतिहास मांडला, आणि त्या काळी लोक एकसंध झोप न घेता दोन टप्प्यांत झोपत असत असे प्रतिपादन केले. झोपेची वेळ, जागा आणि लांबी या तिन्ही गोष्टी समाजव्यवस्थेवर अवलंबून असतात, एवढे तरी या अभ्यासांवरून स्पष्ट होते.

या दृष्टीने मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिली कापड गिरणी स्थापन केली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून १९८२ च्या संपापर्यंतच्या सव्वाशे वर्षांत या उद्योगातील कामाच्या तासांसंबंधी विपुल साहित्य निर्माण झाले. चौकशी आयोग नेमले गेले, कायदे झाले, संप झाले. या सर्व व्यवहारात मोजले गेले ते कामाचे तास. झोपेचे तास कोणी मोजले नाहीत. काम, प्रवास, स्वयंपाक, पाणी आणि जागा यांचा हिशेब चुकता झाल्यावर जे उरेल ते झोपेच्या वाट्यास आले. कामाचे तास कमी झाले की विश्रांती आपोआप वाढेल, हे कामगार चळवळीचे आणि कायदेकारांचे समान गृहीतक होते. ते कितपत खरे ठरले हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. सूर्याचे घड्याळ

आरंभीच्या काळातील गिरणी दिवसाच्या उजेडावर चालत असे. तेलाच्या वा वायूच्या दिव्यांवर रात्री काम करणे खर्चाचे होते आणि कापसाच्या कारखान्यात आगीचे भयही मोठे होते. त्यामुळे पहाटे दिसू लागले की यंत्रे सुरू व्हावीत आणि सूर्यास्ताला थांबावीत असा परिपाठ पडला. याचा अर्थ असा की कामाचा दिवस ऋतुमानाप्रमाणे लांबत वा आखडत असे. वर्षाची सरासरी सुमारे बारा तासांची पडे. उन्हाळ्यात ती तेराच्या पुढे जाई, हिवाळ्यात अकराच्या आसपास येई. साप्ताहिक सुट्टी निश्चित नव्हती. सणावारी गिरणी बंद राही, तसेच यंत्रांच्या साफसफाईसाठीही ती अधूनमधून थांबे; परंतु त्या साफसफाईचे काम पुष्कळदा कामगारांच्याच माथी येई.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या तासांविषयी कायदा मूक होता. या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य समजून घेतले पाहिजे. 'दीनबंधु' पत्राची धुरा १८८० पासून वाहणारे लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन फॅक्टरी आयोगापुढे ठेवण्यात आले. त्यातील मागण्या प्रसिद्ध आहेत : रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा दिवस, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई.

या मागण्यांचा विचार सामान्यतः वेतन व सुट्टी या अंगाने केला जातो. परंतु 'साडेसहा' या वेळेचा अर्थ वेगळा आहे. कामगार दिवसाचा शेवट सूर्याच्या हाती ठेवण्यास तयार होते. आरंभ मात्र त्यांना घड्याळाने बांधून हवा होता. उन्हाळ्यात पाच-सव्वापाचला यंत्रे सुरू होत, तेव्हा दूरच्या वस्तीतील कामगाराला साडेतीन-चारला उठणे भाग पडे. साडेसहाची मागणी ही पहाटेच्या झोपेची मागणी होती. तिला झोपेचे नाव दिले गेले नाही, कारण अर्जात मागावयाची गोष्ट म्हणून झोपेची कल्पना त्या काळी कोणाच्याच मनात नव्हती.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर जून महिन्यात गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीस आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीस कायदेशीर आधार दिला, स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचा सात तासांचा ठरविला. प्रौढ पुरुषाचा दिवस मात्र अमर्यादच राहिला.

२. विजेचा दिवा आणि नवी वेळ

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या. याच सुमारास त्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्ताने घातलेली नैसर्गिक मर्यादा त्यामुळे गळून पडली. १९०४-०५ मध्ये सूत व कापड यांस तेजी आली, तेव्हा विजेच्या प्रकाशावर तेरा-चौदा तास आणि काही गिरण्यांत त्याहूनही अधिक वेळ यंत्रे चालू लागली. दिवसाचे तेच कामगार, त्याच यंत्रांवर, रात्री आठपर्यंत राबू लागले. चौदा तासांच्या कामात जाण्यायेण्याचा, स्नानाचा आणि जेवणाचा किमान तीन तासांचा वेळ मिळविला तर झोपेसाठी अधिकात अधिक सात तास उरतात. ज्याला स्वतः शिजवून खावयाचे आहे किंवा लांब चालत जावयाचे आहे, त्याला तेवढेही उरत नाहीत. १९०५ मध्ये कामाची वेळ आटोपती घ्यावी म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अशांतता माजली, तिचे कारण या हिशेबात सापडते.

लगेच दुसऱ्या वर्षी घडलेली एक घटना या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारे ३९ मिनिटे पुढे होती. त्याच महिन्यात मुंबईच्या सीमेवरील गिरण्यांतील काही हजार कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम थांबविले आणि गिरणीवर दगडफेक केली. या विरोधाला स्थानिक अभिमानाचे व राजकीय असंतोषाचे अंग होतेच. मुंबई नगरपालिकेने १९५० च्या दशकापर्यंत जुनी वेळ सोडली नाही, यावरून ते दिसते. परंतु कामगाराच्या दृष्टीने प्रश्न अधिक साधा होता. घड्याळातील आकडा तोच ठेवून घड्याळच पुढे ढकलले, तर त्याला सूर्याच्या मानाने ३९ मिनिटे आधी उठावे लागणार होते. मालकाच्या हातातील घड्याळावर कामगाराचा विश्वास नव्हता. ज्या वस्तीत घरोघर घड्याळे नव्हती तेथे गिरणीचा भोंगा हाच काळाचा अधिकारी होता, आणि तो कोणाच्या हुकुमाने वाजतो हे सर्वांना ठाऊक होते.

३. थकव्याचा वाद

वाढलेल्या तासांची चौकशी करण्यासाठी १९०६ मध्ये एक समिती आणि १९०७-०८ मध्ये फॅक्टरी श्रम आयोग नेमण्यात आला. या आयोगापुढील वादाचा गाभा उत्पादकतेचा होता. भारतीय कामगार यंत्रापाशी सलग उभा राहत नाही, पाण्याला, विडीला वा विश्रांतीला म्हणून वारंवार बाहेर जातो, अशी मालकांची तक्रार होती. ही रेंगाळण्याची सवय त्याच्या स्वभावात आहे; म्हणून लांब दिवस त्याला जाचक होत नाही, आणि दिवस आखडल्यास उत्पादन मात्र घटेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. आयोगातील बहुमताने प्रौढ पुरुषांच्या तासांवर प्रत्यक्ष मर्यादा घालण्यास विरोध केला.

मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. ते स्वतः वैद्य होते. त्यांनी प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांच्या प्रत्यक्ष मर्यादेचा आग्रह धरला. त्यांच्या भूमिकेने कार्यकारणाचा क्रमच उलटा केला : कामगार रेंगाळतो म्हणून दिवस लांब ठेवावा लागतो असे नसून, दिवस लांब आहे म्हणून कामगाराला रेंगाळावे लागते. चौदा तास सलग उभे राहणे मनुष्यदेहाला अशक्य आहे. तेव्हा नियमाने न दिलेली विश्रांती देह चोरून घेतो. गिरण्यांत प्रत्यक्ष गरजेपेक्षा काही अधिक माणसे पटावर ठेवण्याची प्रथा होती, आणि कायम कामगार मधूनमधून खाडा करून आपल्या जागी बदली पाठवीत असे. या दोन्ही गोष्टी नायर यांच्या मताला पोषक होत्या. खाडा हा बेशिस्तीचा पुरावा म्हणून नोंदला गेला, तरी त्याचे एक कार्य साचलेली झोप फेडण्याचे होते.

हा वाद पुढे प्रयोगाने बऱ्याच अंशी निकालात निघाला, परंतु तो भारतात नव्हे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी १९१५ मध्ये नेमलेल्या आरोग्य समितीने थकवा व उत्पादन यांच्या नोंदी घेतल्या. अतिदीर्घ तास कमी केल्यावर एकूण उत्पादन कायम राहते, काही कामांत ते वाढतेही, असे एच. एम. व्हर्नन यांच्या पाहणीतून दिसून आले. मुंबईतील वादात जे अनुमान होते त्याला येथे मोजमापाचा आधार मिळाला.

१९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांस बारा तासांची मर्यादा घातली. या कायद्यामागील हेतू सर्वस्वी निर्मळ नव्हते हेही नमूद केले पाहिजे. भारतीय गिरण्यांवर बंधने यावीत यासाठी लँकेशायरचे कारखानदार पूर्वीपासून आग्रही होते. म्हणून भारतीय वृत्तपत्रांतील मोठ्या भागाने फॅक्टरी कायद्यांकडे संशयाने पाहिले. कामगाराच्या विश्रांतीचा प्रश्न अशा रीतीने दोन भांडवलांच्या स्पर्धेत सापडला. ज्यांना देशी उद्योगाचे रक्षण हवे होते त्यांना कामगाराच्या थकव्याविषयी बोलणे अडचणीचे झाले, आणि जे त्याविषयी बोलत त्यांचा हेतू शंकास्पद ठरे.

४. निजावयाची जागा

तास कमी झाले तरी झोपेला जागा लागते. मुंबईतील कामगारांची घरे या दृष्टीने अपुरी होती. १९११ च्या जनगणनेनुसार शहराची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती आणि अशा खोलीमागे सरासरी साडेचार माणसे होती. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधारणा न्यासाने आणि १९२० च्या दशकात विकास खात्याने चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी या दुसऱ्या प्रयत्नाचे फलित होत. परंतु तेथेही एका कुटुंबास एक खोली हेच प्रमाण राहिले.

शिवाय या शहरात एकट्या पुरुषांचे प्रमाण मोठे होते. १९२१ मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या जेमतेम सव्वापाचशे होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इकडून आलेला कामगार बायकामुले गावी ठेवून गाववाल्यांच्या सामायिक खोलीत राही आणि खानावळीत जेवी. अशा खोलीत दहापंधरा माणसांच्या वळकट्या भिंतीला लावलेल्या असत. सर्वांना एकाच वेळी अंग टाकण्यास जागा पुरत नसे. पावसाळा सोडून इतर काळात व्हरांडा, जिना, पदपथ यांचाच आसरा असे. पुढे गिरण्या दोन व तीन पाळ्यांत चालू लागल्या, तेव्हा एकाच्या पाळीच्या वेळी दुसऱ्याने त्याच जागी निजावे अशी सोय लागली. खोलीचे भाडे वाटून घ्यावयाचे तर जमिनीचा तुकडा दिवसातून दोनदा वापरला जाणे सोयीचेच होते. यंत्र जसे पाळीपाळीने चालावे तशी खोलीही पाळीपाळीने चालू लागली.

झोपेची पाळी ही कल्पना कुटुंबातही शिरली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रकारांनी त्यांच्या विद्यार्थिदशेतील परळ भागातील एका खोलीच्या बिऱ्हाडाची हकीकत दिली आहे. त्या खोलीत अभ्यासाला स्वस्थता नसे. म्हणून वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर निजावयास सांगत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, आणि दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवून त्याच जागी आडवे होत. ही हकीकत पितृप्रेमाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, ते योग्यच आहे. इतिहासकाराला तीत आणखी एक गोष्ट दिसते : त्या वस्तीत एकाची झोप ही दुसऱ्याच्या जागरणावर अवलंबून होती.

५. स्त्री आणि अर्भक

स्त्री कामगाराच्या झोपेचा हिशेब अधिक कठीण आहे, कारण तिच्या कामाचे तास गिरणीच्या नोंदीत अर्धेच सापडतात. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर सामान्यतः बंदी घातली. पुढील कायद्यांनी ती अधिक पक्की केली. गिरणीतील रात्रपाळी त्यामुळे तिच्या वाट्यास आली नाही. परंतु पहाटे नळावर नंबर लावणे, दळण, स्वयंपाक, मुलांचे आवरणे हे सर्व भोंग्यापूर्वी उरकावे लागे, आणि रात्री घरातील सर्वांची जेवणे झाल्यावरच तिचा दिवस संपे. घरात पुरुष निरनिराळ्या पाळ्यांत असले की तिला दोन-तीनदा चूल पेटवावी लागे. कायद्याने तिची रात्र गिरणीपासून राखली. घरापासून राखण्याचा विचार कायद्याच्या कक्षेबाहेरचा होता.

याहून दारुण गोष्ट अर्भकांची होती. आई कामावर असताना तान्हे मूल शांत राहावे म्हणून त्याला अफू घातलेली 'बाळागोळी' देण्याची चाल गिरणगावात सर्रास होती. १९२२ मध्ये मुंबई सरकारतर्फे एका स्त्री डॉक्टरने केलेल्या पाहणीत ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. गिरण्यांत पाळणाघरे असावीत ही मागणी या पाहणीने बळावली. १९२९ मध्ये मुंबई विधिमंडळाने प्रसूतिलाभाचा कायदा केला. अफूने आलेली गुंगी ही झोप नव्हे. ती अर्भकाची भूक आणि वाढ दोन्ही मारते. प्रौढांचा कामाचा दिवस सुरळीत चालावा यासाठी मुलाला कृत्रिम निद्रेत ठेवावे लागत होते, ही या काळातील उत्पादनव्यवस्थेची सर्वांत कमी नोंदली गेलेली किंमत आहे.

६. आठ तास आणि तिसरी पाळी

१९२० च्या आरंभी मुंबईतील सार्वत्रिक संपाने दहा तासांचा दिवस मिळविला. त्यापूर्वी १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने भारतासाठी साठ तासांचा आठवडा ठरविला होता. १९२२ च्या कायद्यात तो आला. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ५४ तासांचा आठवडा आणि दहा तासांचा दिवस ही मर्यादा घातली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळणारे डॉ. आंबेडकर यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या दुरुस्तीने ४८ तासांचा आठवडा आला, आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने तो कायम केला. साठ-सत्तर वर्षांत कामाचा दिवस जवळजवळ चार तासांनी घटला. कामगार चळवळीचे हे यश निर्विवाद होय. या मोकळ्या झालेल्या वेळेतूनच रात्रीच्या शाळा, वाचनालये, आखाडे, भजनी मंडळे आणि कामगार रंगभूमी यांचे गिरणगावातील जीवन उभे राहिले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रशाळांना विद्यार्थी मिळाले ते याच वेळेतून.

तथापि या घटीची दुसरी बाजू आहे. बारा-चौदा तासांच्या दिवसात यंत्रे एकाच पाळीत चालतात. दिवस नऊ तासांचा झाला की दोन पाळ्या सोयीच्या होतात. आठ तासांचा झाला की चोवीस तासांस तिनाने नेमका भाग जातो. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस आला, त्यातही भट्टी अखंड चालू ठेवण्याची ही सोय अंतर्भूत होती. मुंबईच्या गिरण्यांत १९३० नंतर रात्रपाळी पसरली आणि दुसऱ्या महायुद्धातील मागणीच्या काळात तीन पाळ्या चालू लागल्या. सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते मध्यरात्र आणि मध्यरात्र ते सकाळी सात अशी वेळापत्रके पुढे गिरणगावाच्या अंगवळणी पडली. विश्रांतीच्या नावाने मिळविलेला आठ तासांचा दिवसच रात्रभर गिरणी चालविण्याचे साधन ठरला. कामगाराला मिळालेले तास वाढले, परंतु त्यांतील एका मोठ्या वर्गाला ते दिवसा मिळाले.

दिवसाचे आठ तास आणि रात्रीचे आठ तास झोपेच्या बाबतीत सममूल्य नाहीत. हे आज शरीरशास्त्राने सिद्ध केले आहे. देहातील दैनिक लय प्रकाशाने नियंत्रित होते. तिच्या पेशींतील यंत्रणेच्या शोधाबद्दल २०१७ चे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना देण्यात आले. रात्री काम करून सकाळी निजणाऱ्याच्या देहाचे तापमान आणि अंतःस्राव त्या वेळी जागृतीकडे झुकलेले असतात. म्हणून त्याची झोप लांबीने कमी आणि मोडकी होते. दीर्घकाळ रात्रपाळी करणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह आणि पचनाचे विकार यांचे प्रमाण अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचे काम कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्यांच्या वर्गात घातले, आणि २०१९ मध्ये पुनर्विचारानंतर तो निर्णय कायम ठेवला. पाळी वारंवार बदलत राहिली तर देहाला कोणत्याच वेळापत्रकाशी जुळवून घेता येत नाही.

या ज्ञानाच्या प्रकाशात एका खोलीच्या बिऱ्हाडाकडे पुन्हा पाहावे लागते. सकाळी सातला गिरणीतून सुटलेला कामगार आठ-नऊला आडवा होई, तेव्हा त्याच खोलीत चूल, मुले, पाण्याची गडबड आणि शेजार यांचा दिवस सुरू झालेला असे. सूतखात्यातील दमट उष्णता आणि मागखात्यातील कानठळ्या बसविणारा आवाज यांतून आलेल्या देहाला ना अंधार मिळे ना शांतता. बदली कामगाराची स्थिती त्याहून वाईट होती. त्याला दर पाळीच्या आरंभी दरवाजावर हजर राहावे लागे. काम मिळाले तर ते कोणत्या पाळीत मिळेल हे अनिश्चित असे. १९३५ मध्ये मालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली, ती मुख्यतः जॉबरच्या हातची सत्ता कमी करण्यासाठी. बदलीच्या रात्रीला तिने स्थैर्य दिले नाही. कायम कामगाराची झोप अपुरी होती. बदलीची झोप बेभरवशाची होती.

कामगार चळवळीने पगार, महागाई भत्ता, बोनस, कामाचा वाढता बोजा आणि नोकरीची शाश्वती या प्रश्नांवर मोठे लढे दिले. १९२८ चा सहा महिने चाललेला संप हा यंत्रांमागील माणसे कमी करण्याच्या योजनेविरुद्धही होता, आणि त्यात थकव्याचा प्रश्न गर्भित होता. परंतु रात्रपाळी नको, अशी मागणी मध्यवर्ती झाली नाही. त्याचे कारण उघड आहे. तिसरी पाळी म्हणजे हजारो जास्तीच्या नोकऱ्या. गावाकडून आलेल्या भावाला वा पुतण्याला चिकटविण्याची तीच संधी होती. कामगाराने झोप गमावली ती अज्ञानाने नव्हे. उपजीविकेच्या तराजूत तोलून त्याने ती दिली.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की झोप ही कामाच्या तासांची केवळ वजाबाकी नव्हे. कायदे व संप यांनी दिवसाची लांबी कमी केली. झोपेची प्रत मात्र त्या तासांची वेळ, निजावयाची जागा आणि घरातील श्रमाची वाटणी यांवर ठरत राहिली, आणि या तीन बाबी फॅक्टरी कायद्याच्या बाहेर होत्या. दुसरा असा की उत्पादकतेचा विचार झोपेला अनुकूल आणि प्रतिकूल असा दोन्ही प्रकारे वापरला गेला. थकलेला कामगार कमी उत्पादन करतो हे तत्त्व तास कमी करण्यास उपयोगी पडले. यंत्र निजवून ठेवणे तोट्याचे आहे हे तत्त्व रात्रपाळीस उपयोगी पडले. माणसाची विश्रांती आणि यंत्राचा रिकामा वेळ एकाच हिशेबात आले, तेव्हा माणसाला विश्रांती देण्यासाठी दुसरा माणूस जागवावा, हाच तोडगा निघाला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर बहुसंख्य गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि गिरणगावातील भोंगे थांबले. रात्रीचे काम मात्र शहरातून गेले नाही. ज्या भूमीवर गिरण्या होत्या तेथे कचेऱ्या उभ्या राहिल्या. २००० नंतर त्याच शहरातील तरुण अमेरिकेच्या व इंग्लंडच्या घड्याळावर रात्री दूरध्वनीशी बसू लागले. १९४८ च्या कायद्याने स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर घातलेल्या निर्बंधांची जागा आता नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या या संहितेने स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेच्या अटी यांवर रात्रीचे काम खुले केले. समानतेच्या दृष्टीने या बदलाचे समर्थन करता येते. परंतु रात्री काम करून आलेल्या स्त्रीला दिवसा झोप कोठे व कशी मिळणार, हा गिरणगावाने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी साधनांची उणीव नाही. १८८४ पासूनच्या आयोगांपुढील साक्षी, १९२१ पासून निघू लागलेल्या 'लेबर गॅझेट'मधील खाड्यांचे मासिक आकडे, १९३१ चा शाही श्रम आयोगाचा अहवाल आणि चाळींच्या भाडेनोंदी ही सामग्री वेतनाच्या इतिहासासाठी वापरली गेली आहे. तिच्याकडे झोपेचा प्रश्न घेऊन गेल्यास खाड्याचे आकडे ऋतूप्रमाणे व पाळीप्रमाणे निरनिराळे का आहेत, याचे उत्तर शोधता येईल. तिसऱ्या पाळीत काम केलेले आणि त्या पाळीतील पुरुषांसाठी घर सांभाळलेल्या स्त्रिया यांच्या आठवणी हे तितकेच महत्त्वाचे साधन आहे. ते लोक आता वृद्ध झाले आहेत. कागदपत्रे काही काळ थांबू शकतील, या आठवणी थांबणार नाहीत.